सोड्याच्या टाकीची शेपटी

माझं लग्न ठरलं तेव्हा मला सांगितलं होतं की मुलाचा सोलापुरात कारखाना आहे. बार्शीकडच्या आमच्या गावात कारखाना म्हणजे कापसातली सरकी काढायचा जिन, नाहीतर सोलापूरच्या मिलची उंच धुराडी. मी धुराडं बघायच्या तयारीनं सासरी आले. नवी पेठेच्या मागच्या गल्लीत गाडी थांबली. घराच्या पुढच्या दोन खणांत एक लोखंडी चाक, एक तांब्याची टाकी आणि भिंतीला लावून रचलेल्या बाटल्यांच्या पेट्या. एवढाच कारखाना, सोडावॉटरचा. फरशी बाराही महिने ओली, आणि हवेत लेमनच्या अर्काचा गोडसर वास.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून पुढच्या खणात आले तर सासूबाई कामाला लागलेल्या. इरकली लुगडं, कपाळाला विभूती, हातांत कोपरापर्यंत चामड्याचे मोजे आणि तोंडावर बारीक तारेची जाळी. जाळी वर सारून त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "भिऊ नको. बाटली फुटली तर काच डोळ्यात जाऊ ने म्हणून हाय हे. चा पिलीस का?"

त्यांना सगळी गल्ली अव्वा म्हणायची, मीही अव्वाच म्हणू लागले. माहेर अक्कलकोटजवळच्या खेड्यातलं, त्यामुळं राग आला की कानडीत आणि हिशेबी बोलणं मराठीत. सासरे तापानं गेले तेव्हा माझे यजमान सहा-सात वर्षांचे होते. भाऊबंद म्हणाले, यंत्र विकून टाक, बाईमाणसाचं काम नाही हे. अव्वांनी यंत्र बसवून देणाऱ्या मिस्त्रीला बोलावलं आणि आठ दिवस त्याच्यामागं उभं राहून सगळं शिकून घेतलं. हे मला शेजारणीनं सांगितलं. अव्वा स्वतःबद्दल फारसं बोलायच्या नाहीत.

यंत्राचं काम समजायला अवघड नव्हतं. चाक फिरवलं की पंप पाणी आणि गॅस दोन्ही ओढून टाकीत कोंबायचा. गॅसची लोखंडी नळकांडी मुंबईहून रेल्वेनं यायची. टाकीतल्या पात्यांनी पाणी आणि गॅस घुसळून निघाला की त्याचा सोडा व्हायचा, मग तो नळीनं बाटलीत. बाटल्या गोटीच्या. तारेच्या पिंजऱ्यात बाटली उलटी धरून भरायची, म्हणजे आतली काचेची गोटी घसरून तोंडाशी यायची आणि सोड्याच्या जोरानंच घट्ट बसायची. भरायचं काम अव्वांचं. चाक फिरवायचं काम माझ्याकडं आलं. यजमान सकाळी हातगाडीवर पेट्या घालून दुकानांना माल पोचवायला जायचे.

टाकीच्या माथ्यावर दोन वस्तू होत्या. एक घड्याळासारखी गोल तबकडी, तिच्यावर एकच काटा आणि इंग्रजी आकडे. टाकीत दाब किती झाला ते ती सांगायची. आम्ही तिला घड्याळच म्हणायचो. अव्वांना इंग्रजी आकडे येत नव्हते, म्हणून शंभराच्या आकड्यावर काचेला चुन्याचा ठिपका लावलेला. काटा ठिपक्यावर आला की चाक थांबवायचं आणि भरायला लागायचं.

दुसरी वस्तू म्हणजे शेपटी. खरं नाव सेफ्टी व्हॉल्व्ह. मिस्त्री त्याला 'सेप्टी' म्हणायचा, अव्वांच्या तोंडी त्याची शेपटी झाली, आणि दिसायलाही ती शेपटीच होती. टाकीच्या भोकावर एक पितळी झडप बसवलेली. झडपेला वरून दाबून धरणारी आडवी लोखंडी दांडी बाहेर आलेली, आणि दांडीच्या टोकाकडं एक वजन अडकवलेलं. दांडीवर खाचा होत्या. वजन ज्या खाचेत, तेवढा दाब टाकी सोसणार. त्याच्यावर गेला की झडप दांडीसकट उठायची, फुस्स करून जास्तीचा गॅस बाहेर टाकायची, आणि पुन्हा आपणहून बसायची. आमची शेपटी एकशेवीसला उठायची.

अव्वा रोज सकाळी काम सुरू करताना थोडा दाब धरू द्यायच्या आणि बोटानं दांडी एकदा वर उचलून सोडायच्या. फुस्स आवाज आला की मग पुढचं काम. मी पहिल्याच आठवड्यात विचारलं, "हे कशाला करायचं? गॅस फुकट जातोय की."

"ती हलती हाय का बघायचं," अव्वा म्हणाल्या. "दार वापरलं न्हाय तर बिजागरी धरती का न्हाय? तसं हे. ज्या दिवशी खरं लागंल त्या दिवशी ती चिकटून बसली तर?"

अव्वांच्या वडिलांचं अक्कलकोटला किराणा दुकान होतं. अव्वा लहानपणी त्या दुकानात बसलेल्या. त्यांनी मला शेपटी समजावली ती ताजव्याच्या, म्हणजे तराजूच्या, भाषेत. "ही दांडी म्हंजे ताजवाच. आतनं गॅस वर ढकलतोय, बाहेरनं वजन खाली दाबतंय. ज्याचं भारी त्याचं खरं. ह्याच्यात आत काय फिरत न्हाय, दात न्हायत, चाक न्हाय, तार न्हाय. लबाडी करायला जागाच न्हाय." मी चौथीपर्यंत शिकले होते. शाळेत तरफ म्हणून काहीतरी पाठ केलेलं आठवत होतं, पण ती काय असते हे मला त्या दिवशी कळलं.

लग्नानंतरचा दुसरा उन्हाळा. त्या वर्षी सोलापूरचं ऊन असं होतं की दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नव्हतं. सोड्याला उसंत नव्हती. त्यातच अक्कलकोटच्या एका मोठ्या व्यापाऱ्याच्या घरचं लग्न निघालं आणि वऱ्हाडासाठी साठ डझन बाटल्यांची मागणी आली. एवढी मागणी आमच्याकडं पूर्वी कधी आली नव्हती. यजमान हरखून गेले. ते तेव्हा चोवीस-पंचवीसचे असतील. आपल्या हातून काहीतरी मोठं व्हावं असं त्यांना फार वाटायचं.

नेमक्या त्याच दिवसांत यंत्रानं खोड काढली. घड्याळाचा काटा ठिपक्यापर्यंत पोचायच्या आधीच शेपटी फुसफुसायला लागली. आधी नव्वदला, चार दिवसांनी ऐंशीला, मग सत्तरला. काटा सत्तरावर, शेपटी हवेत, आणि गॅस चालला वाया. वर भरताना बाटल्याही फुटू लागल्या. एरवी आठवड्यातून एखादी फुटायची, आता रोज तीन-चार. पिंजऱ्यात धडाम आवाज व्हायचा, काच जाळीवर आपटायची. अव्वा मोजे झटकून पुढची बाटली लावायच्या. यजमान म्हणाले, बाटल्यांचा नवा लॉट खराब निघाला.

अव्वांनी एका दुपारी काम थांबवून शेपटी सोडवली. झडप काढली, बसायच्या जागेवर काही कचरा आहे का बघितलं. मग विटेची वस्त्रगाळ पूड तेलात कालवून झडप तिच्या जागेवर ठेवली आणि गोल गोल घासत बसल्या. मी जेवायला हाक मारली तरी उठल्या नाहीत. तासाभरानं झडप उजेडाकडं धरून मला दाखवली. तिच्या कडेला केसाएवढी बारीक चकचकीत रेघ सगळीकडून सारखी उमटली होती. "बघ, कुटं तुटली न्हाय. आता गळायची न्हाय." पुन्हा बसवली, वजन त्याच खाचेत आहे ना ते बघितलं. चाक फिरवलं. काटा सत्तरावर आला आणि शेपटी उठली.

मिस्त्रीला बोलावणं गेलं. तो चांगला माणूस होता. सतरा-अठरा वर्षांपूर्वी अव्वांना काम शिकवणारा हाच. त्यानं चाक फिरवून बघितलं, मान हलवली आणि त्याच्या दखनी हिंदीत म्हणाला, "अव्वा, सेप्टी बुड्ढी हो गई. दो सेर का बाट लटकाव उसको, चुप हो जाती. लगन का काम निकल जाने देव, बाद में नवी मंगाएंगे."

"बेडा," अव्वा म्हणाल्या. म्हणजे नको. हा त्यांचा शेवटचा शब्द असायचा. "वजन वाढवायचं न्हाय."

"मग साठ डझन कशी भरायची?" यजमान म्हणाले. "सत्तरावर भरलेला सोडा मिळमिळीत होणार. लग्नात नावं ठेवतील."

अव्वांनी सकाळी भरलेली एक बाटली उचलली, अंगठ्यानं गोटी दाबून फोडली आणि यजमानांच्या हातात दिली. ते प्याले. नाकात झिणझिण्या आल्या असणार, कारण त्यांनी तोंड वाकडं केलं आणि डोळे पुसले.

"मिळमिळीत हाय?"

"एका बाटलीवरनं काय ठरतंय," यजमान म्हणाले. मिस्त्री हसला. विषय तिथंच राहिला.

दुसऱ्या दिवशी अव्वांना अक्कलकोटला जावं लागलं. पेट्या कुठं उतरवायच्या, गार पाण्याचे हौद आहेत का, गोणपाट कोण भिजवणार, हे त्यांना स्वतः बघायचं होतं. सकाळच्या गाडीनं त्या गेल्या. जाताना मला म्हणाल्या, "सांजेपर्यंत येते. जमंल तेवढं भर, न्हाय जमलं तर राहू दे."

त्या गेल्यावर तासाभरात मिस्त्री आला. त्याच्या हातात सुतळीला बांधलेलं तागडीचं दोन शेराचं लोखंडी माप होतं. यजमानांनीच त्याला बोलावलं होतं. दोघांनी ते माप शेपटीच्या टोकाला लटकावलं. मी चाकाशी उभी होते. "अव्वा नको म्हणाल्या होत्या," असं मी म्हटलं. यजमान म्हणाले, "अव्वांना सगळं कळतं, पण वेळ कळत नाही. चार दिवसांवर लग्न आलंय. फिरव तू."

मी चाक फिरवू लागले. काटा सत्तर झाला, शेपटी गप्प. पंचाहत्तर, ऐंशी. यजमानांचा चेहरा खुलला. मिस्त्री म्हणाला, "देखो, चुप बैठी ना?" आणि बिडी पेटवायला बाहेर गेला.

ऐंशीच्या पुढं चाक जड झालं. रोजचं जडपण माझ्या हातांना पाठ होतं. सुरुवातीला चाक हलकं असतं, ठिपक्याजवळ येताना दंडांत भरून येतं, आणि तिथं थांबायचं असतं. पण हे वेगळं होतं. सगळं अंग लोटून दिलं तरी चाक अर्ध्यावर येऊन अडायचं. पंपाचा आवाजही बदलला. रोज तो खट्खट् करायचा, आता कण्हल्यासारखा वाटत होता. काटा मात्र सांगत होता ब्याऐंशी. शंभर अजून लांब होते.

"चाक लई जड लागतंय," मी म्हणाले.

"तू दमलीयेस. थोडं राहिलंय."

मी आणखी दोन फेरे घेतले. मला एकदम वाटलं की टाकी माझ्याकडं बघतेय. हे वेडेपणाचं होतं, पण तसंच वाटलं. मी चाकाच्या मुठीवरचे हात काढून घेतले.

"आता काय झालं?"

"मी फिरवणार नाही."

नवऱ्याला असं तोंडावर सांगायची माझी ती पहिलीच वेळ. यजमान चिडले. बाह्या सरसावून स्वतः चाकाला लागले. एक फेरा घेतला, दुसरा घेतला. तिसऱ्याला त्यांचा वेग कमी झाला. ते अंगानं माझ्या दुप्पट. तरी चौथ्या फेऱ्याला त्यांचे पाय ओल्या फरशीवर मागं सरकले. तेही थांबले. त्यांनी घड्याळाकडं बघितलं, मग शेपटीला लटकलेल्या मापाकडं, मग माझ्याकडं.

"हे खरंच जड आहे," ते हळू म्हणाले.

मग त्यांनी मला परसदारी जायला सांगितलं. मी दाराच्या आत जाऊन उभी राहिले, पण डोळे तिकडंच होते. त्यांनी टाकीच्या बाजूनं जाऊन, तोंड फिरवून, हात लांब करून सुतळीची गाठ सोडली. माप खाली पडलं आणि शेपटी उठली. रोजच्यासारखी फुस्स करून नाही. तिनं अशी किंकाळी फोडली की शेजारची माणसं रस्त्यावर आली. मिस्त्री बिडी टाकून धावत आला. ती कितीतरी वेळ ओरडत होती, पांढरा फवारा आढ्याला जाऊन भिडत होता. मग आवाज बारीक झाला, दांडी थरथरली, आणि झडप आपल्या जागेवर टक्कन बसली. तेव्हा काटा बरोबर सत्तरावर होता.

अव्वा संध्याकाळी आल्या. मला वाटलं होतं यजमान काही सांगणार नाहीत, आणि मी सांगू की नको याच विचारात होते. पण अव्वांनी चपला काढायच्या आत यजमानांनीच सगळं सांगून टाकलं. काही लपवलं नाही, मिस्त्रीवर ढकललं नाही. मी चाक सोडलं हेही सांगितलं. अव्वा उंबऱ्यावरच बसल्या. मी पाणी दिलं. त्या रागावतील म्हणून आम्ही दोघंही उभे.

रागावल्या नाहीत. मला जवळ बसवून विचारू लागल्या.

"चाक जड लागत होतं म्हंतीस. आजच का?"

"आज फारच. पण..."

"पण काय? बोल की."

"पंधरा दिवस झाले, रोजच जड लागतंय. दंड दुखतात."

"मग सांगायचं न्हाय व्हय?"

मी मान खाली घातली. नव्या सुनेनं काम जड लागतं म्हणून कसं सांगायचं? मला वाटलं होतं माझ्याच अंगात बळ कमी पडतंय.

अव्वांनी माझा दंड हातात घेतला आणि दाबून बघितला. मग यजमानांकडं वळल्या. "ऐक. हिचा हात म्हंतोय दाब जास्त हाय. बाटल्या फुटत्यात, त्या म्हंत्यात दाब जास्त हाय. सोडा नाकात जातोय. शेपटी उठतीय. चौघं एक सांगत्यात आणि घड्याळ एकटंच दुसरं सांगतंय. आपुन आत्तापतोर कुणाचं ऐकलं?"

मी यजमानांच्या तोंडाकडं बघत होते, आणि त्यांना पटलंय हे मला दिसलं.

"पण हे नुसतं माझं म्हणणं झालं," अव्वा म्हणाल्या. "तपासून घ्याय पायजे."

एका मिलच्या बॉयलरवर एक वयस्कर तेलुगू गृहस्थ मुख्य होते. उन्हाळ्यात भट्टीवरच्या माणसांसाठी ते आमच्याकडून सोड्याच्या पेट्या न्यायचे, तेवढीच ओळख. अव्वांना ते अक्का म्हणत. दुसऱ्या दिवशी मिलची सुट्टी होती आणि बॉयलर साफ करायचं काम चालू होतं. अव्वांनी घड्याळ आणि शेपटी दोन्ही सोडवून पंच्यात बांधली. वजनही घेतलं, ते दोन शेराचं मापही घेतलं. आम्ही तिघं सकाळीच मिलच्या मागच्या दाराशी गेलो.

मी बॉयलर आयुष्यात पहिल्यांदा बघितला. आमचं अख्खं घर आत मावेल एवढी दोन आडवी लोखंडी नळकांडी, विटांच्या कोंदणात बसवलेली. त्यांच्या माथ्यावरही दांडी आणि वजन होतं, पण वजन दोन माणसांनी उचलावं एवढं, आणि ते कुलपात. म्हातारबुवांनी सांगितलं की सरकारचा इन्स्पेक्टर येतो, दाब ठरवतो, आणि मग त्याला कुणी हात लावायचा नाही. मॅनेजरनंसुद्धा नाही. "मालक म्हणाला तरी नाही अक्का," ते म्हणाले आणि त्यांनी कानाला हात लावला.

त्यांच्याकडं दाब तपासायचा हातपंप होता, पाण्याचा. त्यावर त्यांचं स्वतःचं घड्याळ, मखमलीच्या पेटीतून काढलेलं. त्यांनी आमचं घड्याळ आणि आमची शेपटी शेजारी शेजारी जोडली, वजन नेहमीच्या खाचेत अडकवलं आणि पंपाचा दांडा हलवू लागले. त्यांच्या घड्याळाचा काटा चाळीसावर आला तेव्हा आमचा पंधरावर होता. त्यांचा ऐंशीवर, आमचा चाळीसावर. त्यांचा एकशेवीसवर पोचला आणि शेपटीनं दांडी उचलली. पाण्याची चिळकांडी उडून म्हातारबुवांचं धोतर भिजलं. आमचा काटा सत्तरावर थरथरत होता.

"अक्का," ते म्हणाले, "तुमची शेपटी एकदम खरी. घड्याळ मेलंय."

अव्वांनी डोळे मिटले आणि हात जोडले. कुणाला जोडले मला कळलं नाही, बहुतेक त्या झडपेलाच.

म्हातारबुवांनी शेपटी सोडवून झडप हातात घेतली, नखानं तिची कड चाचपली. "ही कुणी घासली?"

"मीच," अव्वा म्हणाल्या.

"कशानं?"

"विटेची पूड आणि गोडं तेल."

त्यांनी आपल्या दोन फिटरांना हाक मारून बोलावलं आणि झडप त्यांच्या हातात दिली. "बघा. ह्या बाईंनी घरात बसून घासलीय. असं काम मला आणून दाखवा." फिटरांनी ती फिरवून फिरवून बघितली. अव्वा पदर सावरत दुसरीकडं बघत होत्या. कौतुक झालं की त्यांना कुठं बघावं ते समजायचं नाही.

मग यजमान पुढं झाले. त्यांनी आपणहून ते दोन शेराचं माप पंच्यातून काढलं. "हे लावलं तर कितीला उठंल?"

म्हातारबुवांनी माप लटकावलं आणि पंप मारू लागले. एकशेवीस गेले. एकशेचाळीस गेले. एकशेसाठला ते थांबले. दांडी हललीसुद्धा नव्हती. "ह्याच्यापुढं मी नाही नेणार. तुमची टाकी किती सोसते?"

"टाकीवर पितळी पट्टी आहे," यजमान म्हणाले. "दीडशेला तपासली असं लिहिलंय."

म्हातारबुवांनी माप काढून अव्वांच्या हातात दिलं. यजमान तिथून बाजूला झाले आणि कोळशाच्या ढिगाजवळ पाठ करून उभे राहिले. मी त्यांच्याजवळ गेले. ते म्हणाले, "तू हात काढला नसतास तर मी तुला फिरवायलाच लावलं असतं." मी म्हटलं, "तुम्हीपण थांबलात की."

आता प्रश्न लग्नाचा होता. नवं घड्याळ मुंबईहून यायचं, त्याला तीन आठवडे तरी लागणार. यजमान म्हणाले, मागणी परत करू. अव्वा विचार करत होत्या. मग म्हातारबुवांना म्हणाल्या, "शेपटी शंभराला उठंल असं वजन कुटं लावायचं ते दावता का?"

त्यांना लगेच समजलं, आणि ते मोठ्यानं हसले. "घड्याळाशिवाय?"

"शेपटीलाच घड्याळ करायचं. ती उठली की झाले शंभर. चाक थांबवायचं, भरायचं."

त्यांनी वजन एकेक खाच आत सरकवत पुन्हा पुन्हा पंप मारला. शंभराला नेमकी खाच मिळाली नाही, म्हणून त्यांनी कानस घेऊन दांडीवर स्वतः नवी खाच पाडली. पुन्हा तपासली, तीनदा. तिन्ही वेळा शंभरालाच उठली. या सगळ्याचं त्यांनी काही घेतलं नाही. "सुट्टीच्या दिवशी एवढं बघायला मिळालं," एवढंच म्हणाले.

घड्याळाच्या भोकाला बूच मारून आम्ही त्याच दुपारपासून काम सुरू केलं. पुढचे तीन दिवस मी चाक फिरवत होते, यजमान माझ्याबरोबर आळीपाळीनं फिरवत होते, आणि अव्वा भरत होत्या. बघायला काटा नसल्यामुळं कान देऊन राहावं लागायचं. दाब भरत आला की शेपटी आधी कुजबुजायची, अगदी बारीक, दुधाला उकळी यायच्या आधी येतो तसा आवाज. तेवढ्यावरच अव्वा हात वर करायच्या आणि चाक थांबायचं. चाकही पुन्हा पूर्वीसारखं झालं होतं. साठ डझनांत फुटली ती एकच बाटली, आणि तिला आधीचीच चीर होती.

मिस्त्री दुसऱ्या दिवशी आला. त्याला कुणीतरी सगळं सांगितलं होतं. दारात उभा राहून तो बराच वेळ शेपटीकडं बघत राहिला. अव्वांनी त्याला आत बोलावलं. तो म्हणाला, "अव्वा, मैंने सिखाया था तुमको. अब तुम मेरेको सिखाव." यात टोमणा नव्हता. अव्वांनी त्याला बसवून घेतलं, जिंजरची बाटली फोडून दिली, आणि नवी खाच कशी पाडली ते सांगितलं. पुढं तो दुसऱ्या कारखान्यांची यंत्रं दुरुस्त करायला गेला की आधी घड्याळ सोडवून म्हातारबुवांकडं तपासायला नेऊ लागला, असं ऐकलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी अक्कलकोटच्या दोन गाड्या आल्या. ओल्या गोणपाटांत गुंडाळून पेट्या चढल्या. यजमान गाड्यांबरोबर बाहेरच्या वळणापर्यंत जाऊन परत आले. नवी पेठेतल्या दुकानांचा माल तीन दिवस तुंबला होता, तेव्हा लगेच पुन्हा कामाला लागायचं होतं. अव्वा म्हणाल्या, "जरा पाठ टेकते," आणि यंत्रापासून पाच पावलांवर, ओल्या फरशीवर गोणपाट टाकून आडव्या झाल्या. त्यांना दिवसा झोपलेलं मी कधी बघितलं नव्हतं. यजमानांनी मोजे चढवले, तोंडावर जाळी ओढली. मी चाक धरलं. दाब भरत आला, शेपटी कुजबुजली, मी थांबले. आम्ही दोघांनी अव्वांकडं बघितलं. तोंडावर पदर घेऊन त्या गाढ झोपल्या होत्या. यजमानांनी पिंजऱ्यात बाटली लावली आणि भरायला सुरुवात केली.